नवसूचा पल्ला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगावरचा हातही थोडा सैल सोडा, बुवा! आज पहिल्यांदा एक प्रश्न विचारतो, मग गोष्ट सांगतो.

अंगात ताकद आहे. हातात साधन आहे. समोर संधी उभी आहे. तरीसुद्धा हात आवरावा का? आणि आवरायचा, तर कुठल्या रेघेवर? ती रेघ आखायची कुणी?

अवघड आहे ना? तो निळ्या टोपीवाला खाली बघायला लागला. बाबा, तुला एकट्याला नाही विचारलं, सगळ्यांना विचारलंय!

हं, तर ऐका. गोष्ट शिकारीची आहे. माळकरी मंडळी नाक मुरडतील — महाराज, सप्त्यात शिकार? तर आधीच सांगून टाकतो. गोष्ट जुनी आहे, आपल्या पणज्यांच्या वेळची. डोंगरातल्या माणसाचं तेव्हा रानावर पोट होतं. आज शिकार करणं गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. उगाच कुणी घरी जाऊन तिरकामठा शोधू नका! मला शिकार सांगायची नाही. मला तो शिकारी सांगायचाय.

सह्याद्रीच्या ऐन कड्याखाली कळमदरा नावाची ठाकरांची वाडी होती. अकरा घरं. तिथं नवसू राहायचा. वय तिशीचं, अंगानं काटक, आणि तिरकामठ्याचा असा बादशहा की विचारू नका! कामठा म्हणजे बांबूचा, दोरी अंबाडीची, बाणाला लोखंडी पातं. शिमग्याला वाडीत खेळ व्हायचा — काठीवर पपई ठेवायची आणि साठ पावलांवरून बाण मारायचा. साठ पावलं! त्या वर्षी नवसूनं तीन बाण सोडले आणि तीन पपया फोडल्या. लोकांनी खांद्यावर घेतला, गुलाल उधळला. त्याला वाटायला लागलं, आपला बाण म्हणजे यमाचा हुकूम!

वाडीतली सगळी माणसं ओरडत होती. एक म्हातारा मात्र लांब बसून बघत होता. नवसूचा सासरा, धावजी. नवसूला कामठा धरायला शिकवलं ते यानंच. धावजी एवढंच म्हणाला, "छान मारलंस. पण पपईला कान नसतात, नवसू."

नवसू हसला. म्हाताऱ्यांचं असंच असतं!

आता घरची गत ऐका. नवसूची बायको ठकी. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी झाली, ठणठणीत. पण ठकीला तापानं धरलं. ताप उतरला तेव्हा अंगात काही राहिलंच नव्हतं. बसली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. पोरीला पुरेसं दूध येईना. सुईण म्हणाली, "हिला रस पाजा. मटणाचा, हाडांचा. नुसत्या नागलीच्या आंबिलीनं ही उठायची नाही."

झालं! नवसू उठला. सासरा म्हणाला, "मी येतो संगं." दोघं पहाटेच रानात गेले.

फाल्गुन महिना. पानगळ झालेली. पाऊल टाकलं की पाचोळा कुरकुरतोय. दोघं वारा तोंडावर घेत उतारावरून हळूहळू चालले होते. आणि समोरच्या हिरड्याखाली सांबर! तरणा नर, आडवा उभा, पाला ओरबाडतोय. शिकाऱ्याला याहून काय हवं?

नवसूनं बाण लावला. धावजीनं त्याच्या कोपरावर हात ठेवला. कुजबुजला, "लांब आहे. पन्नास पावलं आहेत."

नवसू कुजबुजला, "मामा, साठवर पपई फोडलीय मी."

"थांब. पुढं येईल."

"नाही आला तर? ठकीला काय सांगू?"

मंडळी, त्या माणसाला नावं ठेवायची घाई करू नका. घरी बायको भिंतीला धरून उभी राहतेय. समोर महिन्याचं अन्न उभं आहे. आणि आपला हात चुकत नाही, असं सगळ्या गावानं सांगितलंय. तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं? मला विचाराल तर — मारला असता!

त्यानंही मारला. मनात म्हणाला, लागेल बहुतेक.

दोरी टणकन वाजली. बाण अगदी सरळ निघाला, नेम कुठंही चुकला नव्हता. पण दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचला! सांबराचे कान फिरले, अंग आक्रसलं, आणि ते पुढं उसळलं. एवढंच. वीतभर नाही, हातभर पुढं गेलं. खांद्यामागं, काळजाला बसायचा तो बाण मागं पोटात बसला. सांबर बाणासकट झाडीत घुसलं.

नवसू धावायला निघाला. धावजीनं धरून खाली बसवला.

"बस."

"अहो मामा, जातंय ते!"

"रक्त बघ आधी."

पानांवर रक्त होतं. लाल नाही, काळपट. आणि त्यात हिरवं काहीतरी — चघळलेला पाला. धावजीनं बोटावर घेऊन वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पोटात लागलंय. लगेच मरत नाही असं जनावर. आत्ता मागं लागलास तर भ्यानं दोन डोंगर पळेल. बसू दे त्याला."

मग दोघं बसले. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं, गुडघ्यांवरून छातीवर आलं. मंडळी, धावणं सोपं असतं हो! आपण एखाद्याला दुखवलंय, ते तिकडं कुठंतरी कण्हतंय, आणि आपण काही न करता बसायचं — हे फार अवघड. नवसूनं त्या वेळात एक गवताची काडी घेऊन तिचे नखाएवढे तुकडे केले. ते संपले, दुसरी घेतली.

दुपारी माग काढायला लागले. इथं एक थेंब, तिथं वाकलेली कारवी. एका जागी गवत दबलेलं, म्हणजे सांबर इथं बसलं होतं. पुढं दुसऱ्या जागी बसलं होतं. मग तिसऱ्या. दरवेळी नवसू त्या दबलेल्या गवतावर हात ठेवून बघायचा. गार. उठून गेलंय. दिवस मावळला, माग दिसेना, तेव्हा दोघं तिथंच खडकाखाली थांबले. उजाडल्यावर पुन्हा निघाले.

भर दुपारी एका झऱ्याशी सापडलं. पुढचे पाय पाण्यात दुमडलेले, तोंड पाण्यावर टेकलेलं. जिवंत होतं! पळायची ताकद नव्हती. कान तेवढे हलले.

धावजी मागं थांबला. म्हणाला, "तू सुरू केलंस. तूच संपव."

नवसू चार पावलांवर गेला. साठ पावलांवरून पपई फोडणारा हात — चार पावलांवर त्याला बाण दोरीला दोनदा लावावा लागला! दोरी ओढली. सोडली. संपलं.

आणि एवढं होऊन मांसाचं काय? धावजीनं पोट उघडलं आणि नाकावर फडकं धरलं. आतली घाण दीड दिवस अंगभर मुरलेली, त्यावर हे ऊन. बाळंतिणीला सोडा, कुत्र्याला घालायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. दोघांनी वर फांद्या टाकल्या, दगड रचले, आणि रिकाम्या हातांनी वाट धरली.

वाटेत सासरा पुढं, जावई मागं. शेवटी नवसूच म्हणाला, "मामा, शिव्या तरी घाला."

"मी काय बोलू? त्यानंच दीड दिवस सांगितलं की तुला."

विठ्ठल, विठ्ठल!

बरं, चुकणारे पुष्कळ असतात. पुढं काय करतात, तिथं माणूस कळतो. नवसूनं कामठा मोडला का? नाही. कपाळाला राख फासून बसला का? नाही. बायको आजारी आहे, बसून कसं चालेल! त्यानं सासऱ्याला नीट प्रश्न विचारला. "मामा, किती पावलांवरून मारायचं?"

"मला काय ठाऊक? माझा पल्ला माझा. तुझा तू काढ."

"कसा काढू?"

धावजीनं गवताचा भारा बांधला, त्यावर पळसाचं एक पान टोचलं. म्हणाला, "सांबराचं काळीज एवढंच धर. आता ती समोरची चढण पळत चढ. धाप लागलेली असताना एकच बाण मार. दुसरा नाही. सांबर दुसरा मारू देत नाही. मग खाली जा, परत चढ. असे दहा. ज्या अंतरावरून दहाच्या दहा पानात बसतील, तो तुझा पल्ला."

चाळीस पावलांवरून मारले. दहातले सहा बसले. नवसूचं तोंड उतरलं. तीसवरून आठ. पंचविसावरून नऊ! नवसू आनंदानं ओरडला, "मामा, नऊ बसले! एकच गेला!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "हां. तो दहावा कुणाच्या पोटात?"

मंडळी, शाळेत दहापैकी नऊ मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथं नऊ म्हणजे नापास!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडा ठरला. अठरा. शिमग्यात साठ, आणि रानात अठरा! नवसूनं मान खाली घातली. "मामा, लोक हसतील."

"हसू दे की. लोकांच्या पोटात बाण नाही जायचा."

तिसऱ्या दिवशी नवसू एकटा पाणवठ्यावर गेला. करवंदीच्या जाळीत बसायची जागा केली, तिथून अठरा पावलं मोजली. बरोबर अठरावर ऐनाचं एक झाड आलं. ठरलं. ऐनाच्या अलीकडं आलं तर मारायचं, पलीकडं असलं तर नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा सांबर आलं. मोठं, भरलेलं. एक पाऊल, थांबलं. एक पाऊल, थांबलं. नवसूनं दोरी ओढली. सांबर ऐनाशी आलं आणि झाडाच्या पलीकडंच थबकलं. एकवीस पावलं असतील.

तीन पावलं, मंडळी! मी इथं उभा आहे, आणि तो मृदंगवाला तिथं — एवढंच!

सांबर पलीकडच्याच एका बुंध्याला मान घासत उभं राहिलं. नवसूचा दंड भरून आला. घरी ठकी आहे. पोर आहे. आणि मनातला तो आवाज पुन्हा बोलायला लागला, तीनच तर पावलं! लागेल बहुतेक. बहुतेक!

त्याच्या हाताला मात्र ते दबलेलं गवत आठवलं. गार.

त्यानं दोरी हळूहळू, आवाज न करता सैल सोडली. मंडळी, ओढलेली दोरी सोडून बाण मारणं, हे कुणीही करील. ओढलेली दोरी परत आणायची, त्याला दंड वेगळा लागतो!

वारा फिरला. सांबरानं मान वर केली आणि ते निघून गेलं.

नवसू घरी आला. ठकी भिंतीला टेकून पोरीला घेऊन बसली होती. तिनं त्याचे हात बघितले. रिकामे. तो दारातच उभा राहिला, आत यायचा धीर होईना.

"दिसलं नाही का?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"मग?"

"ऐनाच्या पलीकडं होतं. तीन पावलं."

आता ही काय बोलणार? तिनं बोलायला हवं होतं, तिचा हक्क होता. तिनं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही झऱ्यावरून आलात ना, तेव्हा तुमच्याकडं बघवत नव्हतं मला. आज बघवतंय. या आत. आंबील आहे."

नवसू आत आला. आंबील प्यायला. कढत होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं तो सांगायचा!

पुढं तीन दिवस काही मिळालं नाही. देवानं लगेच बक्षीस दिलं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. शेजारच्या घरातून एक कोंबडी आली, तिच्यावर ठकीनं दिवस काढले. चौथ्या दिवशी भेकर आलं, लहानसंच. अकरा पावलांवर. एक बाण. भेकरानं दोन उड्या मारल्या आणि पडलं, कळलंसुद्धा नाही त्याला. नवसूनं आधी जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, मग खांद्यावर घेतलं. मांस सुकवून ठेवलं, ठकीच्या पोटात पंधरा दिवस रस गेला. ठकी उठली, पोर वाढली.

नवसू मात्र दर साली शिमगा झाला की तो भारा बांधायचा, पान टोचायचा, चढण चढायचा. चाळिशीत पल्ला सोळावर आला. पन्नाशीत बारावर. लपवायचा नाही हो! वाडीत येऊन मोठ्यानं सांगायचा, "औंदा माझे बारा!" एका वर्षी पाच पावलांवरूनही दहावा बसेना. तेव्हा त्यानं दोरी काढली, कामठा पुसला, आणि पोरीच्या नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाला, "आता तुझा पल्ला तू काढ." आणि जाऊन उन्हात बसला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मोकळा झाला होता माणूस.

गोष्ट संपली. आता तुमच्याकडं वळतो. उठू नका!

तिरकामठा आता कुणाकडंच नाही. पण समोरून ट्रक येतोय, वळण आहे, आणि आपण गाडी पुढं घालतो — निघेल बहुतेक! चार गल्ल्या पलीकडच्या पोरीबद्दल काहीतरी कानावर आलं, आपण मोबाइलवर पुढं ढकललं — खरं असेल बहुतेक! सून अजून उंबऱ्याच्या आत आली नाही, तोवर तिचा स्वभाव सांगून मोकळे — अशीच असणार बहुतेक! आणि मीसुद्धा. या पाटावर उभा राहून, तुमच्या घरात काय चाललंय ते माहीत नसताना तुम्हाला पापी म्हणतो. माझाही बाण पुष्कळदा लांबून सुटलाय, मंडळी. कुणाच्या पोटात बसला असेल, मी मागं जाऊन बघितलंही नाही.

घरी गेलात की एवढंच करा. ज्याच्यावर तुमचा शब्द जाणार आहे, ज्याच्यावर तुमचा निर्णय पडणार आहे, त्याच्याकडं बघा, आणि मधली पावलं मोजा. जास्त भरली तर दोरी सैल करा. लाज वाटेल, लोक हसतील, रिकाम्या हातानं घरी जावं लागेल. जा!

पांडुरंगा, दोरी ओढायचं बळ तू सगळ्यांना दिलंस. ती परत आणायचं बळ मागायला आम्ही उभे आहोत. वाजवा टाळ!