ताईची पिशवी

— नको म्हटलं ना, सिस्टर! हात इतका घट्ट कशाला धरताय, पळून जातेय का मी — परवाच खुब्यात सळई घातलीय, पळणार कशी? बसा त्या स्टुलावर. पिशवी खाली ठेवू नका हो, हातातच असू दे. रक्त एकदा वितळलं की परत गोठवता येत नाही, वेळेत चढवलं नाही तर टाकूनच द्यायचं — माहितीय मला सगळं. आमचा रक्तगटच तसला, लाखात एखाद्याचा. साध्या तपासणीत ओ दिसतो, आणि तो ओ चढवला की माणूस संपलाच. घरात आम्ही दोघंच तसे — मी आणि बारक्या, माझा धाकटा भाऊ. माझ्या अंगात मुळातच रक्त कमी, म्हणून या ऑपरेशनसाठी त्यानं आधीच देऊन ठेवलं, तुमच्या फ्रीझरमध्ये. वर म्हणतो कसा — "ताई, हे चढलं ना, की तूपण माझ्यासारखी घोरायला लागशील." असला आगाऊ!

काय? पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर? अहो, दुसऱ्या कुणाचं असणार ते!

गेल्या महिन्यात तो इथंच होता, खालच्या मजल्यावर. पोटात रक्तस्राव. वेळच मिळाला नाही, असं सगळे म्हणाले, आणि मीही तेच धरून बसले — वेळ नाही मिळाला, कुणाचा काय इलाज. आणि आज सकाळी तुमच्या रक्तपेढीतले ते चष्मेवाले नमुना घ्यायला आले आणि सहज बोलून गेले — तुमचा भाऊ भारी हट्टी, शुद्धीत होता तोवर पिशवी काढू देईना. ताईची आहे म्हणे, हात लावायचा नाही, माझं थांबेल इंजेक्शननं. नाही थांबलं. शुद्ध गेल्यावर धावले हे लोक फ्रीझरकडे, पण तोवर... त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल.

तेव्हापासून तो इथं आहे, सिस्टर. त्या खिडकीपाशी. तुम्ही नका बघू, तुम्हाला नाही दिसायचा. घोरतो मात्र. — शेजारच्या कॉटवरच्या आजी घोरतायत म्हणता? असेल. मरणाला नाही हो घाबरत मी. त्याचं म्हणून जगात एवढंच उरलंय, तेही मीच संपवू? अंगात गेलं की तीनचार महिने टिकतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग? मग पुन्हा जाणारच ना तो — या खेपेला माझ्यातून?

आणि नाही चढवलं तर? टाकतात म्हणजे कुठं टाकतात हो?

भट्टीत? जाळतात?

— पुन्हा एकदा?

घ्या. हा डावा हात घ्या. हळू सोडा, घाई नको... गार लागतंय हो. काय? सुरुवातीला जवळ बसावंच लागतं? बरं, बसा. पण बोलू नका आता. झोप लागलीय त्याला.