ठमीची मान

ताई: डोळे पूस आधी. ठमीला संध्याकाळी कायमचं झोपवायचं, हे ठरवलं कुणी?

धाकटी: तुमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या सर्जननी. पायातली गाठ मानेपर्यंत पसरलीय, आता कापून उपयोग नाही म्हणाले. आणि तू नेमकी काल रजेवर. बघ, तू चालवतेस त्याच स्कॅनच्या मशीनचा फोटो. मान कशी लखलखतेय.

ताई: बघतेय. दोन्हीकडे अगदी सारखी. गाठी इतक्या शिस्तीच्या नसतात गं. काल तिला आणलंस कसं?

धाकटी: टोपलीत. आंघोळ घालून.

ताई: मांजराला आंघोळ?

धाकटी: आईनं आपल्याला कधी पारोसं नेलंय डॉक्टरकडे?

ताई: धन्य आहेस. आणि ओलीच घेऊन बसलीस इथे, या एसीत.

धाकटी: कुडकुडत होती. मला वाटलं, घाबरलीय.

ताई: गारठली होती. ऐक, सुईतून देतात ती किरणोत्सारी साखर. जो अवयव जास्त खाईल, तो पडद्यावर चमकतो. गाठ अधाशी, म्हणून चमकते. पण मानेत एक चरबी असते, अंगाला ऊब देणारी. थंडी वाजली की तीही साखरेवर ताव मारते.

धाकटी: म्हणजे मानेत काहीच नाही?

ताई: माझी खात्री आहे. पण सर्जनना माझी खात्री नको, फोटो हवा. आजची झोपवायची सुई रद्द. उद्या परत आण. कोरडी, पांघरुणात, गरम पाण्याची पिशवी देऊन. साखरेच्या सुईच्या आधीपासून ऊब हवी.

धाकटी: आणि तू चुकलीस तर?

ताई: तर उद्या मीच तुला सांगेन. दुसऱ्या कुणाकडून नाही कळणार.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच खोलीत.)

धाकटी: बोल ना गं. काय आलं फोटोत?

ताई: तूच बघ. मान कुठेय सांग.

धाकटी: इथे... इथे तर अंधार आहे.

ताई: तोच हवा होता. सर्जननी पाहिलाय. परवा ऑपरेशन.

धाकटी: आणि हा पायातला ठिपका?

ताई: तो खरा आहे. तो उबेनं जायचा नाही. पाय काढावा लागेल.

धाकटी: आजचाही फोटो वाईट आला तर, म्हणून सकाळी पोरं तिला कुरवाळून, निरोप घेऊन शाळेत गेलीत. त्यांना काय सांगू?

ताई: खरं ते सांग. पाय जाणार, ठमी राहणार.

धाकटी: रडतील.

ताई: रडू दे. घरी आल्यावर तिला सोफ्यावर उचलून कोण ठेवणार, यावरून उद्या भांडतील.