कार्बनची चाकं आणि पप्पांचा नारळ

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरलंय, आईने स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय, त्यामुळे जरा पुढे सरकून ऐका, मला मोठ्याने बोलता येत नाही, वर्गात हजेरीलासुद्धा बाई माझं नाव दोनदा घेतात... पण आता राहवत नाही हो! कारण तुम्हाला सांगते, आज दुपारी ते खोकं पुन्हा आलंय. तेच, चौकोनी, चिनी अक्षरांचं! आणि पप्पा पुन्हा हातपाय धुऊन तयार!

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझी मोठी बहीण, रुपालीताई, शर्यतीची सायकल चालवते. आमची वस्ती बेलापूरच्या बाहेर, तिथून ती श्रीरामपूरला कॉलेजात एसटीच्या आधी पोचते, एवढी पळवते. तिला कार्बनची चाकं हवी होती. नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर गोठा रिकामा करावा लागला असता, म्हणून तिने मोबाईलवर शोधून शोधून थेट चीनमधून स्वस्तातली मागवली. तिथल्या दुकानातली एक बाई तिला रोज मेसेज करायची, 'हॅलो डिअर, व्हील व्हेरी व्हेरी स्ट्राँग!' आणि आई चुलीपाशी बसून ओरडायची, "जेवली का इचार तिला!"

दीड महिन्याने चाकं आली. पप्पांनी एक चाक एका बोटावर उचललं.

"अगं, हे चाक हाय का पापड?"

"पप्पा, कार्बन आहे. विमानात वापरतात."

"मग इमानालाच लाव की! करंजीच्या घाटात टिकंल का हे?"

तेव्हा ताई म्हणाली, "लोखंडापेक्षा मजबूत असतं."

बस्स. सगळं झालं ते या एका वाक्याने झालं! कारण पप्पांनी ते मनावर घेतलं.

आता आमच्या घरी नवीन काही आलं की पूजा. ट्रॅक्टर आला, पूजा. कडबाकुट्टी आली, पूजा. आईचा मिक्सर आला तर त्यालासुद्धा झेंडूची माळ, दोन दिवस चटणीत पाकळ्या! आणि नारळ आमचे पप्पा फरशीवर फोडत नाहीत. ट्रॅक्टरचा नारळ त्यांनी ट्रॅक्टरच्याच पुढच्या लोखंडावर फोडला होता. "वस्तूचा नारळ वस्तूवरच फुटला पायजे, तवा ती आपली हुते," असं त्यांचं म्हणणं.

ताईने चाकं सायकलला लावली. आईने हळदीकुंकू वाहिलं. ताई फोटो काढायला मोबाईल आणते म्हणून घरात गेली आणि मी पुढचं चाक धरून उभी. मला दिसलं, पप्पांनी नारळ उचलला. मला दिसलं, ते फरशीकडे बघतच नाहीयेत! 'पप्पा, नको' हे दोन शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते... आणि मी? मी गप्प.

पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला 'कट्' झालं आणि नारळ फुटला. पण तुम्हाला सांगते, 'कट्' आधी झालं आणि नारळ नंतर फुटला! दोन वेगळे आवाज होते! चाक माझ्या हातात होतं, ते मला मनगटापर्यंत जाणवलं!

पप्पा वाकून बघायला लागले. आई पदराने नारळाचं पाणी पुसत म्हणाली, "काय बी झालं न्हाई." मग माझा हात ओढून, "रुपीला सांगू नको हां. माझी शपथ हाय. उगं तिच्या मनात खुटखुट राहील." तेवढ्यात ताई बाहेर. "अरे, फुटलापण? मस्त!" आणि तिने खोबरं खाल्लं हो! हसत हसत! मी गप्प.

मग मी मोबाईलवर वाचलं की कार्बनला आतून चीर गेली असेल तर वरून दिसत नाही, नाणं वाजवून बघायचं, चीर असेल तिथे आवाज बद्द येतो. ताई अंघोळीला गेली की मी चाकापाशी. टक, टक, टक, टक... टप. पुन्हा. टक, टक, टक... टप! तीच जागा! मी तिथे कुंकवाचा ठिपका दिला. ताईने तो पुसून टाकला, म्हणाली, "चाकाला किती वेळा सौभाग्यवती करताय?" रोज ती कॉलेजला निघाली की मी शाळेत, पण माझे कान रस्त्यावर. टेम्पो करकचून थांबला की मी खिडकीशी. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, "घाट म्हणजे काय?" मला उत्तर येत होतं. पण रडूच आलं.

आणि रविवारी शर्यत! करंजीचा घाट उतरायचा, खालून वळायचं, पुन्हा चढायचा. आम्ही सगळे पिकअपमधून गेलो. माथ्यावरून मी खाली बघितलं, तर ट्रक काडेपेटीएवढा दिसत होता. मी ताईजवळ गेले.

"ताई..."

"काय गं?"

"काही नाही."

काही नाही! बहीण घाटात निघालीय आणि ही म्हणते काही नाही! पण तिने हेल्मेट घालायला पाठ फिरवली आणि माझं मलाच कळलं नाही, मी बुटाची नाडी बांधायला बसल्यासारखी बसले आणि पुढच्या चाकाची हवा सोडली. फुस्स्स!

"कुणी केलं हे?" ताई ओरडली. पप्पांनी चार अनोळखी पोरांना नुसत्या डोळ्यांनी दम दिला. ताईने पंप लावला, रागारागात दणादणा हवा भरायला लागली, एक, दोन, पाच, दहा... आणि 'कट्... फाट्!' चाकाची कड उभ्या उभ्या उकलली. माझ्या ठिपक्याच्या जागी. अगदी तिथेच!

सगळे चाकाभोवती जमले. एक म्हातारे सायकलवाले म्हणाले, "पोरी, हे खालच्या वळणावर झालं असतं तर..." ताईने उकललेल्या कडेवरून बोट फिरवलं. पप्पा मटकन दगडावर बसले. आणि आमच्या घरात सगळ्यांत आधी आवाज कुणाला फुटला? पप्पांनाच. "चायना माल!" झालं! सगळा घाट म्हणायला लागला, चायना माल, चायना माल! आईपण म्हणाली. म्हणताना तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी गप्प.

ताईने त्या चिनी बाईला फोटो पाठवले. तिने उलट लिहिलं, 'सो सॉरी डिअर, आय सेंड न्यू,' आणि तीन रडकी तोंडं. अहो, तिची काय चूक होती? तिने काय नारळ पाठवला होता?

तर ते नवीन चाक आज आलंय, पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट आहे, आणि पप्पा काय म्हणतात माहितीय? "मागल्या टायमाला चाकाखाली लिंबू ठिवायचं राह्यलं, म्हणून तसं झालं. ह्या बारीला नीट करू."

पण मी नारळ गव्हाच्या कोठीत लपवलाय, तळाशी. आणि आज मी बोलणार आहे. चारच शब्द आहेत, 'पप्पा, नारळ फरशीवर फोडा.' तुमच्यासमोर एवढं बोलता आलं म्हणजे तेही...

"निक्के! ए निक्के! नारळ घावंना, पण असू दे, तुज्या पप्पांनी दोन आणलेत! येक पुढच्या चाकाला, येक मागच्या! चाक धराय ये!"

ऐकलंत? मागचं चाक तेवढं धड राहिलं होतं. आले गं आई! बरं, जाते मी... तुमच्यात कुणी मोठ्या आवाजाचं असेल तर माझ्याबरोबर याल का? जास्त नाही, चारच शब्द, 'पप्पा, नारळ फर—'

"निक्केऽऽ!"