आठाची गाठ

तनुजा: तंबू माझ्या सॅकमध्ये, स्टोव्ह तुझ्या. दोर कोण घेणार?

रणजित: मी. कंपनीने अमेरिकेला पाठवलं, त्यातलं एवढंच उपयोगाचं घेऊन आलो. मिरवणारही मीच.

तनुजा: गिर्यारोहण क्लबचा जुना दोर आठवतो? सगळं कॉलेज त्याच्यावर काढलं आपण.

विमलाबाई: त्याच्यावर मी कपडे वाळत घालायचे. बाल्कनीत टाकून जायचात. हा घे चहा, तनुजा. साखर कमीच घातलीय.

तनुजा: बसा ना, काकू. बेत तरी ऐका. झेलम एक्सप्रेसने अंबाल्याला उतरायचं, तिथून बसने मनालीच्या पुढे. मग पाठीवर सॅक घेऊन नदीकाठाने तीन-चार दिवस चाल, हिमनदीपर्यंत. तिथे तळ टाकायचा आणि ती ग्रॅनाइटची भिंत चढायची.

विमलाबाई: ऐकलाय. महिनाभर आमटीबरोबर तोच बेत वाढते मी. रजा मिळाली याचंच नवल.

रणजित: बक्षीस आहे ते, आई. दोन वर्षं बसून प्रोग्राम तपासले आणि दोन हजार साल उजाडलं तेव्हा जगात काहीच बंद पडलं नाही. साहेब म्हणाले, आता पंधरा दिवस तोंड दाखवू नकोस.

तनुजा: भिंतीवर पहिला टप्पा तुझा, दुसरा माझा. नेहमीसारखं आलटून पालटून.

रणजित: सगळ्या टप्प्यांना तूच पुढे जा. मी खालून दोर धरतो.

तनुजा: सगळ्या? पुढे कोण जाणार यावरून नाणं उडवायचास तू. आणि नाणंही तुझंच असायचं.

रणजित: दोन वर्षं खुर्चीत बसलोय गं. तू वर्गात न्यूटन शिकवतेस आणि रविवारी कड्यावर जाऊन तपासतेस. मान तुझा.

विमलाबाई: तनुजा, ही लिंबाच्या लोणच्याची बरणी. झाकण अडकलंय, बघतेस जरा?

रणजित: दे, मी उघडतो.

विमलाबाई: तू राहू दे. ती उघडेल.

तनुजा: हं, उघडलं. काकू, एक विचारू? वीस वर्षं या घरी सॅक भरायला येतेय मी. दर वेळी तुम्ही दारात उभ्या राहून म्हणता, जाऊ नका. आज अजून म्हणाला नाहीत.

विमलाबाई: म्हटल्यावर कधी थांबलात का?

तनुजा: नाही. म्हणूनच विचारलं.

विमलाबाई: चहा निवतोय तुझा.

तनुजा: बरं. रणजित, गाठ.

रणजित: आत्ता? राहू दे की आज.

तनुजा: क्लबच्या बापूराव सरांचा नियम आहे. निघायच्या आधी दोघांनी डोळे बांधून, कमरेला दोर बांधतो ती आठाची गाठ मारायची, तीसुद्धा गप्पा मारता मारता. धुक्यात, अंधारात डोळे कामाचे नाहीत, बोटांना कळलं पाहिजे. सर गेले, नियम नाही गेला.

विमलाबाई: चाळिशीला आलात. खेळा आंधळी कोशिंबीर.

तनुजा: ही माझी झाली. घे पंचा, बांध. आता सांग, हिमनदीच्या आधीचा मुक्काम कुठे?

रणजित: मेंढपाळांच्या कुरणावर. पाणी डावीकडच्या ओढ्याचं. उजवीकडचं गढूळ असतं, मनालीचा जयसिंग म्हणाला होता, तिथे चढलाय तो. झाली. बघ.

तनुजा: पंचा सोडू नकोस. बोटांनी तपास.

रणजित: तपासली.

तनुजा: पुन्हा एकदा.

रणजित: बरोबर आहे, तनू. झोपेतही मारतो मी ही गाठ.

तनुजा: काढ पंचा.

(रणजित पंचा काढून गाठ बघतो.)

रणजित: टोक शेवटच्या वळणातून गेलंच नाही.

तनुजा: कधीपासून आहे हे?

रणजित: दिवाळीपासून. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता अंगठा आणि शेजारची दोन बोटं... असून नसल्यासारखी. कीबोर्ड चालतो, डोळ्यांनी बघून करता येतं. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबलीय, हाताला विश्रांती द्या. मी म्हटलं, डोंगरात विश्रांतीच आहे.

तनुजा: जगात काहीच बंद पडलं नाही म्हणालास.

रणजित: म्हणून तर तुला पुढे जा म्हटलं.

तनुजा: पुढे असताना तुझा हात सुटला, तर तू पडशील. खाली दोर धरताना सुटला, तर मी पडेन. तुला वाटलं, तू मला मान देतोयस.

रणजित: मला वाटलं, दोन्ही हातांनी घट्ट धरेन. एवढाच विचार केला. तू जयसिंगला घेऊन जा. ती भिंत कॉलेजपासून फोटोत बघतेयस तू.

तनुजा: परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, रणजितचं जमत नसेल तर मी तयार आहे. मी म्हटलं, रणजित येतोय.

रणजित: मग आता सांग त्याला.

तनुजा: काय सांगू? तू येतोयस की नाही?

रणजित: कुठे?

तनुजा: चालायला. भिंतीच्या पायथ्याशी तळ टाकू, मग खिंड ओलांडून पलीकडे उतरू. पाय धड आहेत ना?

रणजित: आणि भिंत?

तनुजा: ग्रॅनाइट आहे. तुझं मनगट बरं होईपर्यंत झिजायची नाही.

रणजित: राग आलाय तुला.

तनुजा: आलाय. गाडीत काढीन, लांबचा प्रवास आहे. आधी तो दोर सॅकमधून काढ.

रणजित: आई, तुला माहीत होतं.

विमलाबाई: शर्टाची बटणं वरखाली लावून ऑफिसला जातोस. मला दिसत नाही?

तनुजा: मग काकू, या वेळी तरी म्हणायचं, जाऊ नका.

विमलाबाई: या वेळी म्हटलं असतं तर तो थांबला असता. दोन वर्षं हा ताटात बघून जेवायचा आणि उठायचा. डोंगराचं निघालं तेव्हापासून जेवताना बोलायला लागला. म्हणून गप्प बसले. दोराच्या दुसऱ्या टोकाला तू असतेस, हे मला कुठलं सुचायला.

तनुजा: आता म्हणा.

विमलाबाई: जाऊ नका.

रणजित: बरं, आई. सकाळी निघतो.

विमलाबाई: दोर निघाला ना बाहेर? मग तिथे बरणी मावेल. झाकण घट्ट लावते, सांडायला नको. तनुजा, उघडून तू देत जा त्याला.