सासूबाईंची उपासाची बरणी

माझा जन्म मंगला गौरीच्या गल्लीतला, वडील वेद शिकवायचे, आणि लग्न होऊन आले ती गंगेकाठच्या रामघाटावर, म्हणजे अगदी शेजारीच, पण काय सांगू तुम्हाला, तेवढ्या अंतरात माझं डोकं गेलं. आधी कधी दुखलं नव्हतं हो.

या घरात एकादशी म्हणजे कडकडीत, दुपार टळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आणि मग डोक्याची अर्धी बाजू अशी ठणकायची की उजेड नको, आवाज नको, देवळातली घंटा वाजली की ओकारी. इथले लोक आधासीसी म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, पित्त आहे. आणि पित्तावर त्यांचं औषध ठरलेलं, उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी, माझ्या लग्नाच्याही आधीची, मुरून काळीकुट्ट झालेली, तिचा त्यांना कोण गर्व! चाट म्हणायच्या, मी चाटायची, डोकं आणखी चढायचं. मग म्हणायच्या, स्वयंपाकाच्या वेळेलाच बरं दुखतं हिचं. आमचे हे बँकेत, घरी आले की तोंडात पान, म्हणजे बोलायलाच नको.

मग रामनगरला भावाकडे गेले, वहिनी बाळंतीण होती. ती म्हणाली, माझं करायला आलात ना ताई, मग उपाशी राहून आडवं पडायचं नाही. वेळेवर दोन घास, आणि लोणचं तिच्या घरात नाहीच. अख्ख्या मुक्कामात डोकं दुखलं नाही. परत आले, पहिलीच एकादशी, बरणी उघडली, की संपलं. डाक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, प्रत्येकाचं वेगळं असतं, पण तुम्ही उपाशी राहू नका, आणि जुनं मुरलेलं काहींना सोसत नाही, सोडून बघा. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, माहेरी जाऊन धर्म विसरून आली. एकटीसाठी कोण भांडतं?

पण यंदा त्यांनी माझ्या मुलीलाही एकादशीला बसवलं. पोर शाळेतून डोकं धरून आली, आई, आधा सिर फटा जा रहा है, म्हणत दारातच बसली. सासूबाई चमचा भरून तयार. माझ्या अंगाची आग झाली. चमचा ओढून घेतला आणि एकादशीच्या दिवशी, त्यांच्या डोळ्यांदेखत, गॅसवर भात चढवला. म्हटलं, माझं डोकं खाल्लंत ते खाल्लंत, या पोरीला तुमची बरणी लागता कामा नये. पोरीला वरणभात भरवला आणि मीही तिथेच बसून जेवले.

तेव्हापासून त्या माझ्या हातचं खात नाहीत, वेगळं शिजवतात, घाटावर बायकांना सांगतात, सून बाटली. सांगू दे. देव त्यांना शंभर वर्षं देवो, बरणीसकट देवो, ती बरणी रोज मीच पुसून ठेवते. फक्त चमचा भरून माझ्या पोरीकडे वळल्या, तर बरणी कुठे जाईल हे त्यांना सांगून ठेवलंय. गंगा काही लांब नाही आमच्यापासून.