बादलीतला सराव

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"आई, बेटावरचं बुकिंग रद्द करते. तिथे वीज नाही, फोन लागत नाही, आणि तुझा कान हा असा बंद."

"तुझा फोन तरी चार दिवस गप्प बसेल."

"मासे बघायला पाण्यात तोंड बुडवावं लागतं. जमणार आहे तुला?"

"जमतं."

"कधी बुडवलंस?"

"रोज. बाथरूममध्ये, बादलीत."

"म्हणजे कानात पाणी त्यानेच गेलं?"

"सुरुवातीला नाक बुडालं तरी जीव घाबरायचा. आता अख्खं डोकं जातं."

"अगं, मला सांगायचंस तरी!"

"तू हसली असतीस."

"...आणि डॉक्टर म्हणाले, पाण्यात जाऊ नका, तर?"

"तर तू ऐकून घे. मी त्यांच्याकडे हाच कान करून बसेन."