आत्याची खटारा गाडी माझी होती

लिहा, शालन यशवंत परब, पूर्ण लिहा, कारण टीव्हीवर कुणी माझं नाव लावलं नाही ते नाहीच, निदान तुमच्या कागदावर तरी येऊ दे. जन्म माझा मालाडचा, बाप कुडाळकडचा. बाप मोटारमेकॅनिक, नाल्याच्या कडेला पत्र्याची शेड, पुढं गॅरेज आणि मागं आम्ही, म्हणजे आईच्या भातालासुद्धा ग्रीसचा वास यायचा. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, मग पाना दे, पक्कड दे, जॅक लाव, हे सगळं माझ्यावर, कारण मी मोठी आणि मी वांड. गाडी मला बापानं शिकवली. म्हणायचा, गो शालन, क्लच हळू सोड, तिका दुखता. काय सांगू तुम्हाला, आईला कुठं दुखतंय हे त्या माणसानं जन्मात विचारलं नसेल, पण गाडीला दुखतं ते त्याला बरोबर कळायचं.

ही गाडी एका डॉक्टरांची. ते कायमचे परदेशी निघाले तेव्हा बापाला देऊन गेले आणि बापानं ती माझ्या लग्नात मला दिली. गोल नाकाची, राखाडी, तसल्या गाडीला लोक डुक्कर म्हणायचे, म्हणोत, माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. जुनी होती, हो, जुनी तर मीपण आहे आता. पण थंडीत, पावसात, कधीही चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू, दुसरा झटका तिला माहीत नाही. हे लिहा, पहिल्या झटक्यात. मुद्दा तोच आहे, पुढं कळेल तुम्हाला.

नवरा माझा गिरणीत होता. संप झाला, गिरणी बसली ती बसलीच, आणि हा पण बसला. आधी वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसायचा. मग मी म्हटलं, हे बघ यशवंत, तू भात लाव, मी गाडी काढते. आणि त्यानं लावला हो, अजून लावतो, आणि कुळथाची पिठी माझ्यापेक्षा बरी करतो. चाळीत लोक हसले, बायको डायव्हर आणि नवरा चुलीपाशी. हसू दे म्हटलं, हसणाऱ्यांच्या घरी काय मी जेवायला जाते? मी शाळेची पोरं न्यायला लागले. सकाळची एक खेप, दुपारची एक. गाडीवाली मावशी म्हणायची पोरं मला. आयांना पण बरं, पुरुषाच्या गाडीत पोरगी पाठवण्यापेक्षा बाईच्या पाठवलेली बरी, असं त्याच म्हणायच्या, तोंडावर म्हणायच्या. त्या गाडीवर माझं घर चाललं, यशवंताचं दम्याचं औषध चाललं. त्या पोरांना मी कधी ओरखडा येऊ दिला नाही.

तर ते सीरियलवाले. तेव्हा टीव्हीचं नवीनच खूळ, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग. मढला बंगल्यात शूटिंग चालायचं. त्यांचा मॅनेजर जुनी गाडी शोधत गॅरेजपाशी आला, माझी बघितली आणि म्हणाला, हीच पाहिजे, एक आत्या आहे, विधवा, भांडकुदळ, तिची खटारा गाडी. मी म्हटलं, खटारा कुणाला म्हणतोस रे? तो म्हणाला, बाई, आपल्याला पडद्यावर खटारा करायचीय. गाडी राहील हो चांगलीच. शाळेला सुट्टी होती, घरात दम्यानं माणूस गपगार पडलेला, मी हो म्हटलं.

तिथं गेल्यावर कळलं, आत्याचं काम करणारी बाई नावाजलेली होती पण तिला गाडी येत नव्हती. जवळून तिचं तोंड दाखवायचे, स्टिअरिंग धरून बसलेली, गाडी उभीच, बाहेरून दोघं हलवायचे. आणि गाडी खरी चालायची तेव्हा आत मी, तिचं जांभळं लुगडं नेसून, तिच्यासारखा अंबाडा घालून, पाठमोरी. गाडीला माती फासली, गंज दिसावा म्हणून विटकरी रंग मारला, मागं डबा बांधला खुळखुळायला. बॉनेटखाली पत्र्याच्या डब्यात नारळाच्या शेंड्या पेटवून ठेवायचे धूर निघायला, त्या शेंड्यापण माझ्याच घरच्या. आणि गाडी बंद पडायला पाहिजे! ती पडेना. डायरेक्टर ओरडायचा, बंद पाडा. मग मी पहिल्या गिअरमध्ये क्लच फटकन सोडायचे, ती बिचारी आचके देऊन थांबायची, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मला बापाचा आवाज ऐकू यायचा. रडू यायचं, खरंच सांगते. आत बसून मी तिला म्हणायचे, बाई, थोडे दिवस सोस.

वाईट गाडी चालवून दाखवायची तर चांगली यावी लागते, हे कुणाला सांगणार? वाकडीतिकडी नेऊन नेमकं खांबाच्या अलीकडं थांबायचं, ते काय सोपं आहे? एक दिवस सीन असा की आत्याचे ब्रेक फेल होतात आणि गाडी कोळणींच्या पाट्यांवर जाते. डायरेक्टरला पाट्या खऱ्या पाहिजेत, म्हावरं खरं पाहिजे. मढच्या कोळणींना रस्त्याच्या कडेला बसवलं. त्यांतली जानकी म्हणून एक, पुढची पाटी तिची, ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी तिच्या घरावर नांगर फिरवायला आलेय. मी उतरले, तिला म्हटलं, तुझ्या पाटीला लागणार नाही, तू हलू नको. आणि आले जोरात, डावीउजवीकडं फेकत, आणि पाटीपासून वीतभर अंतरावर उभी केली. वीतभर हो! जानकीची पाटी जागच्या जागी. मग कॅमेरा बंद केला, युनिटची पोरं आली आणि त्यांनी लाथांनी पाट्या उधळल्या, बांगडे मातीत, आणि मग पुन्हा कॅमेरा चालू. कोळणी अशा काही तुटून पडल्या त्यांच्यावर! जानकी मला म्हणाली, बाय, तू नाय पाडलंस, त्या मेल्यांनी लाथा मारल्या, आमी बगलंय.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा अख्खी चाळ शेजारच्या खोलीत. गाडी माझी आहे हे सगळ्यांना ठाऊक, रंग फासला म्हणून काय नाक बदलतं? आणि नंबरपण तोच ठेवला होता त्या शहाण्यांनी. आत्या ओरडते, ब्रेक लागत नाही, ब्रेक लागत नाही, गाडी जाते, पाट्या उडतात, कोळणी पळतात, लोक हसून हसून लोळले. माझा यशवंत उठला. कधी कुणाशी भांडला नाही तो, संपातसुद्धा नाही. टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझी बायको अशी चालवत नाही. आणखी हसले. त्याला धाप लागली, मी हाताला धरून घरी आणला.

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन निघाले. पहिल्या दारात उभी राहिले, हॉर्न दिला. बाई गॅलरीत आली, म्हणाली, आज ताप आहे हो. दुसऱ्या दारात पण ताप. तिसऱ्या दारात ती पोरगी स्वतःच धावत आली, म्हणाली, मावशी मावशी, तशी चालव ना, पाट्या उडव ना, आणि तिच्या आईनं, अधिकारीबाई म्हणायचो आम्ही त्यांना, तिला दंडाला धरून मागं ओढली. मला म्हणाल्या, आमच्या ह्यांनी सांगितलंय, नको. मी म्हटलं, अहो, ते खोटं आहे, ते शूटिंग आहे. त्या म्हणाल्या, खोटं असेल हो, पण ब्रेक लागला नाही ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय ना. शिकलेली बाई! ऑफिसात जाणारी! त्याच सीरियलमध्ये एक माणूस मरून पुढच्या आठवड्यात जाहिरातीत साबण लावत होता, तो मेला नाही हे कळत होतं, पण माझा ब्रेक मात्र खरंच फेल! मी म्हटलं, चला माझ्याबरोबर मढला, बघा डोळ्यांनी. एक आली नाही. पुढच्या आठवड्यापासून त्यांची पोरं एका नव्या व्हॅनमधून जायला लागली. माझी गाडी रिकामी.

मी मढला गेले. त्या बंगल्यात डायरेक्टर चहा पीत बसला होता. मी म्हटलं, साहेब, एक करा, शेवटी एक पाटी लावा, गाडी चांगली आहे, चालवणारी अमुक आहे. नाहीतर एका भागात ती नीट सुरू होऊ दे, पहिल्या झटक्यात, बाकी काही नको मला. तो म्हणाला, मग लोक हसतील कशाला? मी म्हटलं, माझं पोट गेलं. मॅनेजर मध्येच म्हणाला, बाई, गाडी आत्या चालवते, तुम्ही नाही, तुमचं तोंड तरी दिसलं का कुठं? तोंड दिसलं नाही! म्हणजे नाव माझं नाही, तोंड माझं नाही, पण बदनामी तेवढी माझी. त्यांचं जांभळं लुगडं मी बरोबर नेलं होतं, ते तिथंच टेबलावर टाकलं, चहावर पडलं तर पडू दे, बाहेर आले, डिकीत पडलेला तो खुळखुळायचा डबा आणि शेंड्यांचा डबा, दोन्ही रस्त्यावर फेकले. पुढच्या भागांसाठी त्यांनी दुसरी कुठली तरी गाडी आणली, ती खरीच खटारा होती म्हणे, चालू करायलाच दिवस जायचा. बरं झालं. मेल्यांची वाट लागली पाहिजे होती.

परतताना रस्त्यात जानकी उभी, दोन पाट्या घेऊन. कंडक्टरनं बसमध्ये घेतलं नव्हतं, पाट्यांतून पाणी गळतं म्हणून. मला हात केला. मी म्हटलं, जानके, माझ्या गाडीत बसतेस? ब्रेक लागत नाहीत म्हणे. ती म्हणाली, चल गं, मला नको शिकवू. पाट्या मागं ठेवल्या, ती पुढं बसली आणि मालाडच्या बाजारापर्यंत माशांचे भाव सांगत आली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी. तेव्हापासून हेच माझं काम, पहाटे मढ, मग बाजार, कोळणी आणि त्यांच्या पाट्या. दोन वर्षं झाली. यशवंत रोज गाडी धुतो, लिंबू लावून धुतो, वास जात नाही, आणि ताजी मासळी घरी येते म्हणून तक्रारपण नाही त्याची.

परवा अधिकारीबाई आल्या. घरी आल्या, पहिल्यांदाच. त्या नव्या व्हॅनवाल्यानं पोरं कोंबून भरली होती, करकचून ब्रेक मारला, यांच्या पोरीचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, दात गेला. त्या आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, शालनताई, तुम्ही पुन्हा न्याल का हो तिला? ताई म्हणाल्या. ती पोर काय वाईट होती का? यशवंतानं आतून मान हलवली, हो म्हण म्हणून. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मी म्हटलं, बाई, तुमची पोरगी बरी होवो, तिला नवा दात येवो, देव तिला उदंड आयुष्य देवो, हे मी मनापासून म्हणते. पण सकाळची माझी गाडी भरलेली असते. ज्यांनी मला गाडी चालवताना बघितलंय, त्या बसतात तिच्यात.

त्या गेल्या. यशवंत रात्रभर भिंतीकडं तोंड करून झोपला. झोपू दे, सकाळी भात लावलाच त्यानं.